उतारवय आणि घाटरस्ता

सडकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सडक कोणी बांधली, तिच्यावरून कोणती फौज गेली आणि कोणता माल गेला, हे बारकाईने लिहून ठेवले आहे. त्या सडकेवरून जाणाऱ्याच्या मनात धीर किती होता, याची नोंद मात्र सहसा कोणी केलेली नाही. धीर ही ताम्रपटावर कोरून ठेवण्याजोगी वस्तू नाही, हे खरे. तथापि धीरालाही इतिहास असतो. कोणत्या वयाच्या माणसाने कोठवर जावे, कशावर बसून जावे आणि कोणत्या वयात ‘आता पुरे’ म्हणावे, हे प्रत्येक काळातला समाज ठरवीत आलेला आहे. आणि माणसाचे मन, त्यातही बाईचे मन, तो निर्णय आपलाच आहे असे समजून वागत आलेले आहे. अशाच एका धीराविषयी मला लिहावयाचे आहे. विषय थोडा संकोचाचा आहे. पाळी जाण्याच्या वयात आणि त्यानंतर बाईच्या हातातल्या वाहनाचे काय होते, हा तो विषय.

मी सिल्लोडची. छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणाऱ्या सडकेवर हे तालुक्याचे गाव आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, पण आमच्या पिढीच्या जिभेवर अजून औरंगाबादच येते. मका, कापूस आणि हिरवी मिरची यांवर चालणारा हा तालुका. पुढे अजिंठा गाव लागते, मग घाट उतरला की फर्दापूर आणि लेण्यांचा फाटा. आगगाडी आमच्या गावाला अद्याप आलेली नाही. जालना-जळगाव लोहमार्गाला २०२४ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली, तेव्हा कधीतरी या बाजूला शिट्टी ऐकू येईल. तोवर आमचे सारे दळणवळण सडकेनेच चालायचे. दवाखाना, कचेरी, लग्नकार्य, लेकीचे बाळंतपण, सगळ्याला गाडी लागते. अशा गावात बाईच्या हाती किल्ली असणे ही हौसेची बाब राहत नाही. कित्येकींच्या बाबतीत ती भाकरीची बाब असते.

मी येथे एका शाळेत इतिहास शिकवला. शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका, अंगणवाडीच्या ताई, बँकेत काम करणाऱ्या, अशा बायांना मी तीस वर्षे दुचाकीवरून जाता-येता पाहत आले. त्यांच्यातल्या कित्येक जणी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या सुमारास हळूच मागच्या सीटवर जाऊन बसू लागल्या. प्रथम रात्रीची गाडी सुटते; मग जिल्ह्याच्या गावी जाणे सुटते; मग पावसाळा, मग बाजाराची गर्दी, आणि शेवटी किल्ली मुलाच्या किंवा सुनेच्या हाती जाते. ‘का हो बाई, सोडली का गाडी?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘अलीकडे धीरच होत नाही.’ वीस-वीस वर्षे जिने चाक फिरवले, तिचा धीर एकाएकी कोठे जातो? हा प्रश्न मला वैद्यकाचा वाटतो तितकाच इतिहासाचाही वाटतो. त्याचे कारण असे की, आपल्या जुन्या समाजात याच वयात नेमकी उलट गोष्ट घडत असे.

आपल्या वैद्यांना हे वय फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत रजोदर्शनाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. आजचे शास्त्र हे वय जगभरात सामान्यतः पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान धरते, आणि भारतीय स्त्रियांत ते काहीसे अलीकडे, शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास येते. म्हणजे प्राचीनांचे गणित फारसे चुकले नव्हते. परंतु घरातल्या व्यवहाराच्या दृष्टीने या वयाला वैद्यकीय अर्थापेक्षा वेगळाच अर्थ होता. विटाळ संपला, की बाई ‘मोकळी’ होई. महिन्याचे चार दिवस बाहेर बसणे संपे. देवघर, लोणच्याची बरणी, सोवळ्याचा स्वयंपाक, कशालाच आडकाठी उरत नसे. बाळंतपणाचे भयही गेलेले असे. सून घरात आलेली असे. मग पंढरीची वारी, नाशिक-त्र्यंबक, आणि ऐपत असली तर काशी. आपल्या आज्या-पणज्यांनी घराबाहेरचे जग पाहिले, ते बहुधा पन्नाशी उलटल्यावर पाहिले. दिंडीतल्या बायांकडे आजही नजर टाकली तर त्यांत या वयाच्या बाया किती आहेत ते दिसून येईल. पंधरा-वीस दिवस पायी चालण्याचा धीर त्यांना त्या वयात येत होता, आणि त्यात कोणाला नवल वाटत नव्हते.

याचा अर्थ जुना काळ सुखाचा होता, असा मात्र कोणी काढू नये. ती मोकळीक म्हणजे एका अन्यायाच्या शिक्षेतून झालेली सुटका होती. तिला बहुमान म्हणता येत नाही. कित्येकींच्या वाट्याला त्या वयाच्या आधीच वैधव्य येई, आणि मग काशी ही यात्रा न राहता वनवास ठरे. तरीसुद्धा एवढे मानावे लागेल की, पाळी गेली म्हणजे बाईची उमेद गेली, असे समीकरण आपल्याकडे नव्हते.

इतिहासातल्या मोठ्या स्त्रियांची वये मांडून पाहिली तर हेच दिसते. शिवाजीमहाराज १६६६ साली आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याची काळजी वाहणाऱ्या जिजाबाईंनी साठी ओलांडलेली होती. ताराबाईंनी पंचविशीत, १७०० साली, मोगलांविरुद्ध राज्य सावरले हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याच ताराबाईंनी १७५० साली, पंचाहत्तरीच्या घरात असताना, साताऱ्याच्या किल्ल्यावर रामराजाला कैदेत टाकून पेशव्यांची झोप उडवली होती, हे मुलांना सांगितले की वर्ग खदखदून हसतो. अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण तर याहून नेमके आहे. त्यांचा जन्म १७२५चा. मुलाच्या मृत्यूनंतर १७६७ साली राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. आणि १७९५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी कारभार केला. ज्याला आज आपण उतारवयाची सुरुवात म्हणतो, तेथे त्यांच्या कर्तबगारीची सुरुवात होते. आमच्याच जिल्ह्यात वेरूळला घृष्णेश्वराचे देऊळ त्यांनी पुन्हा उभे करविले. काशीचे विश्वनाथाचे मंदिर बांधले गेले तेही त्यांच्या पन्नाशीनंतरच. त्या काळी देहाची कुरकुर नव्हती असे नाही. ती असणारच. पण त्या कुरकुरीवरून बाईच्या पात्रतेचा निकाल लावण्याची रीत अजून रूढ झाली नव्हती.

ती रीत युरोपातून आली, असे म्हणण्यास आधार आहे. ‘मेनोपॉज’ हा आज सर्वत्र चालणारा शब्द मूळचा फ्रेंच. गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या मथळ्यात तो वापरला आणि तो रूढ झाला. पुढे १८५७ साली लंडनच्या एडवर्ड टिल्ट या डॉक्टराने या ‘बदलाच्या वया’वर स्वतंत्र पुस्तक लिहिले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या डॉक्टरांना बाईचे मन तिच्या गर्भाशयाच्या ताब्यात आहे असे वाटे. साहजिकच पाळी थांबताना मनाचा तोल जातो, असे त्यांनी ठरवून टाकले, आणि विश्रांती, एकांत व घर हा त्यावर इलाज सांगितला. त्याच विश्रांतीचा सल्ला पुढे आपल्या सुशिक्षित घरांत शिरला. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. त्या जगत्या, तर आपल्या बायांच्या देहाविषयी एका मराठी बाईने मराठीत लिहिलेले काही आपल्याला लवकर वाचावयास मिळाले असते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून देहाविषयी उघड बोलण्याचा पायंडा पाडला, पण त्यांच्यावर खटले भरले गेले. तात्पर्य, जुनी मोकळीक गेली, नवे ज्ञान पोचले नाही, आणि मधल्या पोकळीत फक्त ‘या वयात जपावे’ एवढे वाक्य उरले.

आता वाहनाकडे वळू. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याने बनविलेल्या तीनचाकी गाडीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरांच्या थोडे वर अंतर; औरंगाबादेहून सिल्लोडवरून अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जावे, तेवढेच साधारण. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने साफ केली, आणि इंधन एका औषधाच्या दुकानातून घेतले. तेव्हा तिचे वय एकोणचाळीस होते. हिंदुस्थानात १९०५ साली मोटार चालविणाऱ्या पहिल्या बाई म्हणून सुझान टाटा, जे. आर. डी. टाटांच्या मातोश्री, यांचे नाव सांगितले जाते. पण ही श्रीमंतांची कथा झाली. त्या गाड्या पुढून दांडा घालून, जोर लावून फिरवल्याशिवाय सुरूच होत नसत. तो दांडा उलटा फिरून भल्याभल्यांची मनगटे मोडत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेने सुरू होण्याची सोय आली, आणि अंगातल्या ताकदीचा प्रश्न पुष्कळसा मिटला.

आमच्या मराठवाड्यात या सगळ्याला फार उशीर झाला. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेखात्याने सत्तावीस मोटारगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. इकडे मुंबई राज्यात पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावली. आमचा मुलूख तेव्हा अजून निजामाकडेच होता, आणि त्या सप्टेंबरात सुटला. त्या लढ्यात मराठवाड्याच्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांशी दोन हात केले. शांततेचा काळ आला तेव्हा मात्र बाईच्या वाट्याला एस.टी.तली खिडकीची जागा तेवढी आली. चाक दूरच राहिले.

चाक तिच्या हाती आले ते दुचाकीच्या रूपाने. १९७२ साली फिरोदियांची लूना निघाली. पायडल मारून सुरू होणारी, हलकी, साडीत चालविता येणारी. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, आणि तिने दोन अडसर एकदम दूर केले: किक मारण्याची गरज नाही, गिअर बदलण्याची गरज नाही. पुढे २००१ साली ॲक्टिव्हा आली. पुण्याच्या बायांनी दुचाकी केव्हाच आपलीशी केली होती; सिल्लोडसारख्या गावात नव्वदच्या दशकात ती दिसू लागली. मी १९९२ साली, चोविसाव्या वर्षी, शिकले. माझ्या आधी आमच्या गल्लीत बाईने गाडी चालविलेली कोणी पाहिली नव्हती. पहिले काही महिने पोरे मागे पळत. मग पळेनाशी झाली. पुढे चारचाकीही शिकले.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आमच्या आज्या पन्नाशीच्या झाल्या तेव्हा त्यांच्या हाती वाहन नव्हते. आमच्या आयाही एस.टी.नेच गेल्या. ज्या बायांच्या हाती तरुणपणी किल्ली आली आणि ज्यांची पाळी ती किल्ली हाती असतानाच थांबली, अशी तालुक्याच्या गावांतली पहिली पिढी ती आमची. त्यामुळे या वयात गाडीवर बसल्यावर काय होते, हे आम्हाला सांगणारे वडीलधारे कोणी नव्हते. आईला विचारावे, तर तिने कधी गाडी चालविली नाही. सासूबाईंना विचारावे, तर त्या म्हणणार, ‘अगं, मग बसू नको की गाडीवर!’

माझ्यापुरते सांगायचे, तर ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू झाले. अजिंठ्याचा घाट मी कितीतरी वेळा उतरले होते. एके संध्याकाळी समोरून कापसाने भरलेला ट्रक आला, त्याच्या दिव्यांचा झोत डोळ्यांत गेला, आणि छातीत इतक्या जोराने धडधडू लागले की गाडी कडेला घ्यावी लागली. अंगातून वाफ निघावी तसे झाले, मान-पाठ घामाने भिजली, आणि चार-पाच मिनिटांत सारे थांबले. झाले काहीच नव्हते. ट्रक आपल्या बाजूने नीट गेला होता. पण त्यानंतर घाटाचा विचार जरी आला तरी हात गार पडत. रात्री दोन-तीनदा घामाने जाग येई, आणि सकाळी शाळेत जाताना चौकात सिग्नल देणे विसरे. एका दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी नाडी पाहून ‘वयाचे आहे, मन रमवा’ असे सांगितले आणि कसलीशी गोळी लिहून दिली. नाव घेण्याचे कारण नाही; असे सांगणारे काही ते एकटे नव्हते.

वस्तुतः वयाचे असले, तरी त्याची उलगड आता पुष्कळ झालेली आहे. बीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन कमी होऊ लागले, की मेंदूतल्या उष्णता सांभाळणाऱ्या केंद्राची सहनशीलता घटते. एरवी ज्या किंचित फरकाकडे ते लक्षही देत नाही, त्यालाच ते उकाडा समजते. कातडीकडे रक्त सोडते, घाम काढते, काळीज धावू लागते. ही लाट काही मिनिटांची असते. पण काळजाची धडधड आणि भीतीची धडधड मनाला वेगळी ओळखता येत नाही. चाकामागे असताना धडधडले, तर मन म्हणते, मी गाडीला भ्याले. एकदा असे मनाने घेतले, की पुढच्या खेपेला खरोखरीची भीती तयारच असते. त्यातून रात्रीचा घाम झोप मोडतो, आणि मोडलेल्या झोपेचा परिणाम वाहन चालविण्यावर होतो हे तर निर्विवाद आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात असे दिसले की, सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात दारू घेतलेल्या माणसासारखा मंदावतो. शिवाय चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठरते, समोरच्या दिव्याचा झोत अधिक लागतो, आणि पाळी गेल्यावर डोळे कोरडे पडण्याचा त्रास बायांत वाढतो. सांधे धरतात, मागे वळून पाहताना मान दुखते. एवढी कारणे एकाच दोन-चार वर्षांत गोळा झाली, तर धीर डळमळला यात आश्चर्य ते काय?

पण याच्या पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती आमच्यापर्यंत कोणी पोचविली नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हजारो मध्यमवयीन स्त्रियांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला जात आला आहे. त्यातल्या दोन हजारांहून अधिक जणींच्या स्मरणाची व बुद्धीच्या चपळाईची पुन्हा पुन्हा चाचणी घेतली, आणि २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एरवी तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने माणूस सुधारते. पाळी जाण्याच्या संधिकालात ही सुधारणा थबकलेली दिसली. पाळी पूर्ण थांबल्यावर ती पुन्हा पूर्वीसारखी सुरू झाली. म्हणजे चाचणीत दिसलेली ती अडचण वाटेवरच्या पुलासारखी, ओलांडण्याची होती. घामाच्या लाटांना मात्र वेळ लागतो. ज्यांना त्या वारंवार येतात त्यांच्यापैकी निम्म्या जणींना सात वर्षांहून अधिक काळ त्या छळतात, असेही याच अभ्यासात आढळले. त्यावर औषधे आहेत, ती प्रत्येकीला मानवतीलच असे नाही, आणि ती जाणत्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावयाची. पण बुद्धी बोथट झाली, हात कायमचा गेला, असे मानण्यास आधार नाही.

खेदाची गोष्ट अशी की, आम्ही बाया नेमक्या त्या संधिकालातच कायमचा निर्णय घेऊन टाकतो. दोन वर्षांची अडचण, आणि त्यासाठी पुढच्या वीस वर्षांची किल्ली देऊन टाकायची! गाडी सुटली की सराव सुटतो, सराव सुटला की भीती खरी ठरते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांतही हेच दिसून आले आहे की, बाया पुरुषांपेक्षा लवकर गाडी सोडतात, आणि पुष्कळदा अंगात चालविण्याची ताकद असतानाच सोडतात.

घरची माणसे यात भर घालतात, तीही प्रेमाने. ‘आई, तू राहू दे, मी नेतो,’ असे मुलगा म्हणतो. त्याच्या म्हणण्यात काळजी असते, यात शंका नाही. पण त्याच मुलाचा बाप पंचावन्नाव्या वर्षी चष्मा पुसत पुसत रात्री जळगावहून गाडी आणतो, तेव्हा त्याची किल्ली कोणी मागत नाही. कायद्याने असा भेद केलेला नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात खाजगी गाडीचा परवाना वीस वर्षे किंवा पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर चाले, आणि पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी नवा करावा लागे. २०१९च्या दुरुस्तीने ती मुदत बदलली. पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान परवाना काढला तर तो साठीपर्यंत चालतो आणि त्यापुढे दर खेपेस पाच वर्षे. सुश्रुताने सांगितलेली पन्नाशीची रेघ कायद्यातही आहे खरी. पण कायद्याने ती बाई-पुरुष दोघांसाठी एकच आखली आहे. बाईच्या बाजूला ती अधिक ठळक केली ती आपणच.

या साऱ्या विचारात मला एका मराठी बाईच्या नोकरीचा हिशेब फार बोलका वाटतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातल्या त्या पहिल्या स्त्री आगगाडीचालक म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा जन्म सप्टेंबर १९६५चा. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. वाटेत बोरघाट आहे, त्याचा चढ-उतार सदतीस फुटांना एक फूट, इतका तीव्र. तेव्हा त्यांना सेहेचाळिसावे वर्ष चालू होते. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी वेळेवर आणून उभी केली, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. २०२५च्या सप्टेंबरअखेर, साठ वर्षांच्या होऊन, त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या देहाने त्या वर्षांत काय सोसले, हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त वये मांडते. ज्या वयात आमच्या गावची बाई घाटात गाडी घालायची नाही म्हणते, त्या वयात एका बाईने शेकडो माणसांना मागे घेऊन घाट उतरविला.

यावर कोणी म्हणेल, त्या असामान्य आहेत. असतील. पण त्यांच्या पाठीशी काय होते तेही पाहावे. घाटात गाडी चालविण्याचे वेगळे शिक्षण होते. शेजारी सहचालक होता. डोळ्यांची आणि प्रकृतीची नेमाने तपासणी होती, आणि वय वाढेल तशी ती तपासणी अधिक वेळा होत असते. कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नियम होते. मुख्य म्हणजे, आज मन नाही म्हणून इंजिन सोडून घरी बसण्याची मुभा नव्हती, त्यामुळे सराव तुटला नाही. आमच्या शिक्षिकेपाशी यांपैकी काय असते? परवाना मिळाला त्या दिवसानंतर तिला कोणी पुन्हा शिकवीत नाही, डोळे तपासून घे म्हणून सांगत नाही. परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ साली, अठराव्या वर्षी पुण्यात जाऊन रिक्षा हाती घेतली. २०२३ साली एस.टी.च्या प्रवासी गाडीवरही बाया चालक म्हणून आल्या. त्या मुली आज तिशीत आहेत. त्यांची पन्नाशी यायची आहे. ती येईल तेव्हा त्यांना ‘मन रमवा’ असे सांगून घरी बसविले जाणार, की त्यांचा चष्मा, त्यांची झोप आणि त्यांची पाळी यांची विचारपूस करून त्यांना कामावर ठेवले जाणार, हे आज ठरवायचे आहे.

एक अडचण तर इतकी साधी आहे की तिचा उल्लेखही लेखात होत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास कित्येकींना अंगावरून बेसुमार जाते, लघवी धरवत नाही. औरंगाबादेहून जळगावपर्यंतच्या वाटेवर बाईला निर्धास्तपणे जाता येईल असे स्वच्छ मुतारीचे ठिकाण मिळणे कठीण. चौपदरीकरणासाठी हीच सडक काही वर्षे उखडून पडली होती, तेव्हा दीड तासाच्या वाटेला तीन तास लागत. अशा वेळी बाई ‘भीती वाटते’ म्हणते, ते पुष्कळदा यासाठी. खरे कारण चारचौघांत सांगता येत नाही. भीती सांगितलेली चालते. इंजिनात शौचकूप नसल्याची तक्रार रेल्वेच्या स्त्री चालकांनीही वर्षानुवर्षे केली आहे.

मी पुढे काय केले ते थोडक्यात सांगते. एका स्त्री-डॉक्टरांनी नीट तपासले, रक्त कमी होते ते भरून काढले, झोपेचा इलाज केला. चष्म्याचा नंबर बदलला. सहा महिने रात्रीची गाडी बंद ठेवली, पण दिवसाची एक दिवसही सोडली नाही. घाटात प्रथम एका मैत्रिणीला शेजारी बसवून गेले. लाट आली की कडेला थांबायचे, पाणी प्यायचे, पाच मिनिटे जाऊ द्यायची, एवढाच नियम. दोन वर्षांनी माझ्या लक्षात आले की, घाट केव्हा उतरले ते मला आठवतही नाही. त्यानंतर गल्लीतल्या तिघी-चौघींना मी अशीच सोबत दिली. एकीने तरीही सोडली, आणि तिच्या डोळ्यांचा विचार करता तिचे बरोबरच होते. सोडावी लागली तर सोडावी, पण डोळा पाहून, झोप पाहून सोडावी. केवळ पाळी गेली म्हणून सोडू नये.

आमच्या आज्यांना विटाळ संपल्यावर वाट मोकळी झाली, कारण समाजाने ती त्यांच्यासाठी त्या वयापर्यंत अडवून धरली होती. आमच्या पिढीला वाट तरुणपणीच मिळाली, आणि ती त्याच वयात आमच्या हातून सुटू पाहत आहे. पुढच्या पिढीला दोन्ही मिळावीत: तरुणपणीही आणि नंतरही. त्याला फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. आईने लेकीला पहिल्या पाळीविषयी सांगावे, हे आपण आताशा शिकलो आहोत. शेवटच्या पाळीविषयीही सांगावे, आणि त्यात हेही सांगावे की बाई, त्या दोन-चार वर्षांत हात थोडा कापेल, पण किल्ली ठेवून देऊ नकोस. पुढे सडक पुष्कळ आहे.